नवीन फुलपाखराला नाव कसं मिळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरायला लागला की फोटो यायला सुरुवात होते. कुणी आंबोलीहून पाठवतं, कुणी ताम्हिणीहून, कुणी चोर्ल्याच्या घाटातून. खाली प्रश्न ठरलेला: "पुस्तकात कुठेच मिळत नाही. नवीन प्रजाती असेल का?" इतकी वर्षं मी एका ओळीत "नाही, नेहमीचंच आहे" असं उत्तर देत आलो. विचारणाऱ्याच्या उत्सुकतेला ते न्याय देत नाही, म्हणून आता सगळं नीट लिहून ठेवतो आहे. उदाहरणं मुद्दाम आपल्याच डोंगररांगेतली, म्हणजे पश्चिम घाटातली घेतली आहेत. एक २०२३ सालचं, तमिळनाडूतल्या मेघमलै डोंगरांतलं. दुसरं २०२५ सालचं, केरळातलं. दोन्ही दाट जंगलातली, दोन्ही लहान चणीची, आणि दोन्ही अशी की शेजारून उडून गेली तरी बहुतेकांचं लक्ष जाणार नाही.

माझ्या फोटोतलं फुलपाखरू कोणत्याच पुस्तकात नाही. ते नवीन असू शकतं ना?

असू शकतं, पण आधी तीन शक्यता तपासा.

पहिली ऋतूची. कॉमन इव्हिनिंग ब्राउन हे आपल्याकडे सगळीकडे दिसणारं, संध्याकाळी उडणारं तपकिरी फुलपाखरू. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात, त्यांना डोळेच म्हणतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत ते डोळे जवळजवळ पुसले जातात आणि पंख वाळक्या पानासारखा दिसतो. दोन फोटो शेजारी ठेवले तर हे एकच फुलपाखरू आहे यावर विश्वास बसत नाही.

दुसरी नर-मादीची. कढीपत्त्यावर आणि लिंबावर हिरवी गुबगुबीत अळी असते ना, तिचं फुलपाखरू म्हणजे कॉमन मॉरमॉन. त्याच्या माद्या तीन रूपांत येतात. एक नरासारखी, एक कॉमन रोझ या विषारी फुलपाखराची नक्कल करणारी आणि एक क्रिमझन रोझची. सजीवांना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रुळवणारा खुद्द लिनियसही इथे फसला. १७५८ साली त्याने नराला 'पॅपिलिओ पॅमन' आणि मादीला 'पॅपिलिओ पॉलिटेस' अशी दोन वेगळी नावं दिली. शंभरेक वर्षांनी, १८६५ साली, निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने या माद्यांचं कोडं सोडवलं. आणि या रूपांमागे 'डबलसेक्स' नावाचा एकच जनुक आहे, हे २०१४ साली ज्या संशोधकांनी दाखवलं त्यांत कृष्णमेघ कुंटे होते. दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवरचं त्यांचं पुस्तक वाचून आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिल्यांदा फुलपाखरं ओळखायला शिकलं.

तिसरी शक्यता साधी आहे. पंख झिजलेले, फाटलेले, खवले गेलेले. म्हातारं फुलपाखरू ओळखू येत नाही.

या तिन्हींतून तुमचा फोटो पार पडला, तर पुढचे प्रश्न वाचा.

फुलपाखरांवर एवढा अभ्यास झालाय. अजून नवीन काही शिल्लक आहे?

आहे. जगात सुमारे १८ ते २० हजार फुलपाखरांच्या प्रजाती ज्ञात आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडते. बहुतेक भर उष्ण कटिबंधातल्या जंगलांतून येते. पश्चिम घाटात ३३० हून अधिक प्रजाती आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या काळापासून इथे फुलपाखरं गोळा होत आली, त्यामुळे 'आता काही उरलं नाही' असं बराच काळ मानलं गेलं. २०२३ साली 'सिगारिटिस मेघमलाईएन्सिस' जाहीर झालं, ते पश्चिम घाटातून तीन दशकांहून अधिक काळाने वर्णन झालेलं नवं फुलपाखरू होतं. थेनी जिल्ह्यातले आणि तिरुअनंतपुरमचे निसर्ग अभ्यासक त्यामागे होते. इंग्रजीत त्याला क्लाउड-फॉरेस्ट सिल्व्हरलाइन म्हणतात.

उरलेली नवी फुलपाखरं मोठी, निळीजांभळी, डोळ्यांत भरणारी असण्याची शक्यता मात्र फार कमी. ती बहुतेक 'ब्लू' म्हणवणाऱ्या लहान फुलपाखरांच्या (लायसेनिडी) आणि स्किपरच्या (हेस्पेरिडी) कुळांत निघतात. लहान, करडी-तपकिरी, एकमेकांसारखी. ज्यांच्याकडे आपण कॅमेरा वळवत नाही, ती.

'प्रजाती' म्हणावं की 'जाती'?

शास्त्रीय परिभाषेत 'जाती' हा शब्द आहे. रोजच्या बोलण्यात आणि बातम्यांत 'प्रजाती' रुळला आहे. इथे मी 'प्रजाती' वापरतो, आणि तिच्या वरच्या पायरीला 'वंश' म्हणतो. 'सिगारिटिस' हा वंश, 'मेघमलाईएन्सिस' हे त्या प्रजातीचं स्वतःचं नाव.

"शोध लावला" म्हणजे काय? ते फुलपाखरू तर आधीपासून तिथेच होतं.

हा प्रश्न मला सर्वांत रास्त वाटतो. जंगलात राहणाऱ्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं असतं. म्हणून 'शोध' या शब्दापेक्षा 'वर्णन' हा शब्द मला पटतो. वर्णन म्हणजे हे फुलपाखरू आजवर नाव मिळालेल्या त्याच्या सर्व भाईबंदांपेक्षा वेगळं आहे, हे पुराव्यानिशी लिहून छापणं. पाहणं एका क्षणाचं काम. वर्णनाला वर्षं लागतात. आणि ज्यांनी वाट दाखवली, झाड ओळखून दिलं, त्यांची नावं लेखात यायलाच हवीत. वाटाड्याचं नाव शेवटच्या आभारांतही नसेल तर मला तो लेख अपुरा वाटतो.

चांगल्या फोटोवरून वर्णन करता येत नाही का?

फुलपाखरांच्या बाबतीत जवळजवळ नाहीच. विशेषतः स्किपरमध्ये वरून सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजातींतला फरक पोटाच्या टोकाशी, जननांगात असतो. तो पाहायचा कसा, ते सांगतो. वाळलेल्या नमुन्याच्या पोटाचं टोक अलगद सोडवतात आणि दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजत ठेवतात. मऊ भाग विरघळतो, टणक सांगाडा तेवढा राहतो. मग काचेच्या बशीत ग्लिसरीन, त्यात तो तुकडा, आणि अगदी बारीक कुंचल्याने उरलेले खवले बाजूला करायचे. पहिल्यांदा दुर्बिणीतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून, पाहिलं तेव्हा मला मधाच्या रंगाचे, काटेरी कडांचे दोन चिमटे दिसले. तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढा तो ऐवज, पण कडेवरचे काटे एकेक मोजता येत होते. शेजारच्या बशीत दुसऱ्या प्रजातीचे चिमटे होते आणि त्यांची कड गुळगुळीत होती. बाहेरून ही दोन्ही फुलपाखरं मी एकच म्हणून सोडून दिली असती. असा फरक फोटोत येणार कुठून?

मग फुलपाखरू मारावंच लागतं?

हो. हे मी गोड शब्दांत लपवणार नाही. वर्णनासाठी एक नमुना 'होलोटाइप' म्हणून निवडावा लागतो. तो त्या नावाचा कायमचा आधार असतो. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर तिने किंवा त्याने तोच नमुना जाऊन पाहायचा. होलोटाइपवर बहुधा लाल चिठ्ठी असते. त्यासोबत आणखी काही नमुने 'पॅराटाइप' म्हणून नोंदवतात, म्हणजे नर-मादी आणि नैसर्गिक फरक कळतात.

मला स्वतःला पहिल्यांदा हे फार जड गेलं होतं, आजही सहज जात नाही. तरी पटतं, कारण बहुतेक लहान फुलपाखरं प्रौढ म्हणून काही आठवडेच जगतात, आणि जंगलाचा एक तुकडा साफ झाला की हजारो अळ्या एका दिवसात जातात. नाव नसलेल्या प्रजातीच्या संरक्षणासाठी कुणी साधा अर्जही करू शकत नाही. पण घेतलेला प्रत्येक नमुना पुरता वापरला गेला पाहिजे: पंखांचे फोटो, एक पाय डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये, जननांग वेगळ्या कुपीत, आणि सगळ्यावर चिठ्ठी.

चिठ्ठीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. सुरुवातीच्या काळात एका घाटातून आणलेल्या दोन स्किपरच्या पाकिटांवर मी फक्त तारीख लिहिली होती. 'जागा लक्षात आहे' असं वाटलं होतं. चार वर्षांनी ते नमुने कामाचे ठरले असते, पण ते ओढ्याच्या काठचे की माथ्यावरचे, ते मला सांगता येईना. दोन जीव घेतले आणि त्यांचा उपयोग शून्य. ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव: हे चार तपशील नसतील तर नमुना म्हणजे नुसती सजावट.

कोणीही जाळं घेऊन जंगलात जाऊ शकतं?

नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या अनुसूचींमध्ये अनेक फुलपाखरं आहेत. ती पकडणं हा गुन्हा आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते. जैविक विविधता कायदा, २००२ चं कलम ३९ तर सांगतं की नव्याने सापडलेल्या प्रजातीची माहिती ठरवून दिलेल्या संग्रहालयाला कळवायची आणि नमुनाही तिथेच जमा करायचा. घरच्या कपाटात होलोटाइप ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि शहाणपणाचंही नाही. एका पावसाळ्यात बुरशी आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या अख्खी पेटी फस्त करतात.

अभ्यासक अळी शोधण्याचा एवढा आग्रह का धरतात? नाव तर फुलपाखराला द्यायचंय.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

२०२५ साली वर्णन झालेलं 'झोग्राफेटस मॅथ्यूई' घ्या. हे एक स्किपर. इंग्रजीत त्याला सह्याद्री स्पॉटेड फ्लिटर असं नाव मिळालं. केरळातल्या कमी उंचीच्या सदाहरित जंगलात ते राहतं. 'झोग्राफेटस ऑगिजिया' या जवळच्या प्रजातीशी त्याची गल्लत होत असे. प्रौढ फुलपाखरू क्वचितच नजरेस पडतं, अळ्या मात्र त्या मानाने सापडतात, कारण त्या कुठे शोधायच्या ते ठाऊक आहे: 'अगॅनोपे थर्सिफ्लोरा' या शेंगवर्गीय महावेलीवर. हवेत उडणाऱ्या फुलपाखराच्या मागे धावून जे हाती लागत नाही, ते वेलीचं पान उलटल्यावर मिळतं. पंखांवरची नक्षी, शिरांची रचना आणि जननांगं तपासून ही वेगळी प्रजाती असल्याचं सिद्ध झालं.

स्किपरची अळी पाहिली नसेल तर एकदा पाहा. ती पानाची कड दोन जागी कुरतडते, तो तुकडा दुमडते आणि रेशमाच्या टाक्यांनी शिवून टाकते. आत राहते, खायला बाहेर येते, परत आत जाते. दुमड हळूच उघडली की मोठं डोकं आणि बारीक मानेची अळी आक्रसून बसलेली असते, आणि तुटलेल्या टाक्यांचे पांढरे धागे उन्हात चमकतात. पान मिटवून ठेवलं तर काही वेळात ती पुन्हा शिवायला लागते.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकातलं उदाहरण तर फार मोठं आहे. तिथल्या ग्वानाकास्टेच्या जंगलात जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन, विनी हॉलवॉक्स आणि त्यांचे स्थानिक सहकारी वर्षानुवर्षं अळ्या वाढवत होते. 'अ‍ॅस्ट्रॅप्टिस फुल्जरेटर' हे एकच स्किपर आहे असं सगळे मानत होते. पण अळ्या वेगवेगळ्या रंगांच्या निघत, आणि वेगवेगळ्या झाडांवर. २००४ साली डीएनएवरून प्रजाती ओळखण्याचं काम करणाऱ्या पॉल हेबर्ट यांच्यासोबत डीएनए तपासल्यावर, त्या एका नावाखाली दहा प्रजाती असाव्यात असा निष्कर्ष निघाला. सूचना आधी अळ्यांनी दिली होती. प्रयोगशाळेतून दुजोरा नंतर आला.

सिल्व्हरलाइनच्या अळ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांची मुंग्यांशी सोयरीक असते. अळी गोड स्राव देते, मुंग्या तिला राखतात. म्हणजे त्या फुलपाखराला जंगल पुरत नाही, ठरावीक झाड लागतं, आणि त्या झाडावर ठरावीक मुंग्या लागतात. मेघमलैच्या ढगांतल्या जंगलाचा एखादा पट्टा तुटला तर नेमकं काय तुटतं, हे त्यावरून समजावं.

डीएनए तपासला की झालं, असं नाही का?

नाही. पेशीतल्या 'सीओआय' या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात, त्याला डीएनए बारकोड म्हणतात. तो उत्तम मदतनीस आहे. पण किती टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती, याची एकच रेघ सगळ्यांना लावता येत नाही. एकाच प्रजातीच्या दूरच्या दोन डोंगरांवरच्या गटांत फरक मोठा निघू शकतो, आणि नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन प्रजातींत अगदी थोडा. पंख, जननांग, अळी, खाद्यवनस्पती आणि डीएनए एकाच दिशेला बोट दाखवू लागले की मगच खात्री वाटते.

नाव कोण ठरवतं? काहीही ठेवता येतं?

वर्णन लिहिणारे ठरवतात. पण प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव रोमन लिपीत, लॅटिन वळणाचं आणि दोन शब्दांचं हवं. त्याच वंशात ते आधी वापरलेलं नसावं. होलोटाइप कोणता आणि तो कुठे ठेवला, हे लेखात स्पष्ट लिहावं लागतं. लेख फक्त इंटरनेटवर निघत असेल तर झूबँक या नोंदवहीत आधी नोंदणी करावी लागते.

नावाच्या शेपटीवरून बरंच कळतं. 'एन्सिस' म्हणजे तिथला, म्हणून मेघमलाईएन्सिस. तमिळमध्ये 'मलै' म्हणजे डोंगर, आणि 'मेघ' तर आपल्याला सांगायलाच नको. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव असेल तर शेवटी 'ई' येतो, स्त्रीच्या असेल तर वेगळा प्रत्यय. 'मॅथ्यूई' हे केरळ वन संशोधन संस्थेत कीटकांवर आयुष्यभर काम केलेल्या जॉर्ज मॅथ्यू यांच्या नावावरून आलं आहे.

स्वतःचं नाव ठेवायला संहितेत बंदी नाही. पण कुणी ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

मराठी नाव ठेवता येतं का?

जरूर. मराठी नावांना संहितेचे नियम लागत नाहीत, लोकांच्या तोंडी बसलं की झालं. ब्लू मॉरमॉन २०१५ साली राज्याचं फुलपाखरू ठरलं, आणि आज शाळेतली मुलंही त्याला नीलवंत म्हणतात. फक्त घाईत इंग्रजीचं शब्दशः भाषांतर करू नका. गावात आधीच एखादं नाव असेल तर ते वापरा.

वर्णनाच्या लेखात काय असतं?

होलोटाइपचं माप आणि रंगरूप, नर-मादीतला फरक, जननांगांच्या आकृत्या, जवळच्या प्रजातींशी तुलना, नावाची व्युत्पत्ती, अधिवास आणि वावर. यात सर्वांत वेळखाऊ भाग तुलनेचा. भारतातल्या कितीतरी फुलपाखरांचे मूळ नमुने इंग्रजांच्या काळात गोळा झाले आणि आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. आपल्या डोंगरातलं फुलपाखरू वेगळं आहे हे सांगण्यासाठी तिथल्या पेट्या धुंडाळाव्या लागतात. मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा) आणि कोलकात्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचा संग्रह आहे, तेही मोठे आधार.

एकूण किती वेळ लागतो?

२०१२ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार, सर्व प्रकारच्या सजीवांचा विचार केला तर नमुना गोळा झाल्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. फुलपाखरांचं काम त्यापेक्षा लवकर होऊ शकतं, कारण त्यांच्यामागे हौशी अभ्यासकांची फौज आहे. पण एका मोसमात कुणी नवीन प्रजाती जाहीर करत असेल तर मी जरा सावध होतो.

नंतर चूक निघाली तर?

तर आधी दिलेलं नाव टिकतं आणि नंतरचं त्याचं समानार्थी म्हणून नोंदलं जातं. लिनियसची दोन्ही नावं एकाच वर्षाची होती, तिथे 'पॉलिटेस' टिकलं आणि 'पॅमन' मागे पडलं. यात कमीपणा काही नाही.

नाव मिळालं की संरक्षण मिळतं का?

आपोआप नाही. कायद्याच्या याद्यांत नाव घालावं लागतं, धोक्याचं मूल्यमापन करावं लागतं. पण नावाशिवाय यातलं काहीच सुरू होत नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या माशाचं २०२० साली 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं नामकरण झालं आणि २०२१ साली शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा फुलपाखरू नव्हे, पण नावाने काय घडू शकतं हे तिथे आपल्या डोळ्यांसमोर घडलं.

मी शास्त्रज्ञ नाही. माझा काही उपयोग आहे?

मोठा उपयोग आहे. मेघमलैचं काम ज्यांनी केलं त्यांत स्थानिक निसर्गप्रेमी संस्थांचीच माणसं होती.

पंखांच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. खालची बाजू महत्त्वाची, ओळख बहुतेक तिथेच पटते. ठिकाण, तारीख, वेळ आणि उंची त्याच दिवशी लिहा. बटरफ्लाइज ऑफ इंडियासारख्या संकेतस्थळावर नोंद टाका. दुर्मीळ असेल तर नेमकी जागा उघड करू नका, फक्त अभ्यासकांना कळवा, कारण पकडून विकणारेही फोटो पाहतात.

आणि कधी एखादी मादी पानांवर रेंगाळताना दिसली, पोट वाकवून पानाला टेकवताना दिसली, तर तिच्या मागे पळू नका. ती गेल्यावर ते पान पाहा. टाचणीच्या डोक्याएवढं अंडं दिसेल. त्या अंड्याचा फोटो घ्या, पानाचा घ्या, मग फांदीचा, फुलं-शेंगा असतील तर त्यांचा, शेवटी मागे सरून अख्ख्या झाडाचा किंवा वेलीचा. झाडाचं नाव माहीत नसेल तर गावातल्या कुणाला विचारा आणि ते सांगतील ते नाव जसंच्या तसं वहीत लिहा.